बेल्ट विकण्याआधी पुली मोजा: शेतीयंत्रांच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा पहिला धडा



तालुक्याच्या ठिकाणी बेल्ट, बेअरिंग, पुली, पीटीओ शाफ्ट अशा मालाचं दुकान टाकायचं असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. बहुतेकांचे प्रश्न भांडवल किती, मार्जिन किती, माल कुठून आणायचा, असे असतात. प्रश्न बरोबर आहेत, आणि शेवटी त्यांच्याकडे येऊच. पण त्याआधीचा एक धडा आहे. तो मला बीबीएला कोणी शिकवला नव्हता, गिऱ्हाइकाने शिकवला.

आजचा लेख व्हिडिओपेक्षा सावकाश वाचा. वही-पेन घेऊन बसा, हिशोब आहेत.

मी विकलेली सहा इंची पुली

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला, म्हणजे ज्वारी आणि कडबा. घरोघरी जनावरं, त्यामुळे कडबाकुट्टीचं गिऱ्हाईक बारमाही. एक दिवस दुधाचा धंदा करणारे एक काका आले.

"भाऊ, मोटारीला सहा इंची पुली द्या. कुट्टी लवकर उरकत नाही."

मी पुली दिली. पुली मोठी झाली की जुना बेल्ट पुरणार नाही हे मला तेव्हा कळत होतं, म्हणून ए-७५ बेल्टची जोडीही दिली. बिल केलं, चहा पाजला. चांगला धंदा झाला म्हणून मी खूश.

चौथ्या दिवशी काका परत आले आणि कुट्टीचं एक पातं त्यांनी काउंटरवर ठेवलं. बोल्ट तुटून ते पातं चाकातून सुटलं होतं आणि गोठ्याच्या पत्र्यातून आरपार बाहेर गेलं होतं. त्यांचा मुलगा तेव्हा पेंढी लावत होता, दोन हातांवर. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, कशाला पाहिजे म्हणून विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की."

त्या दिवसापासून आमच्या दुकानात एक नियम आहे. "काय पाहिजे" हा पहिला प्रश्न, आणि "कशाला पाहिजे" हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुली कपाटातून खाली येत नाही.

नेमकं काय चुकलं? हिशोब पाहा

मोटारीच्या पुलीचा व्यास गुणिले मोटारीचे फेरे, बरोबर यंत्राच्या पुलीचा व्यास गुणिले यंत्राचे फेरे. एवढं एक सूत्र पाठ असलं तरी निम्मं दुकान चालतं.

काकांची मोटार ३ एचपीची, मिनिटाला १४४० फेरे. मोटारीवर पुली ४ इंची, यंत्रावर १२ इंची.

१४४० × ४ ÷ १२ = ४८० फेरे. यंत्राच्या पाटीवर हाच आकडा होता.

मी पुली दिली ६ इंची.

१४४० × ६ ÷ १२ = ७२० फेरे.

वेग दीडपट झाला. पण पात्याला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. बोल्ट तेच, पातं तेच, चाक तेच, आणि जोर सव्वादोन पट. शिवाय त्याच मोटारीवर तेवढ्या वेगाने चारा कापायचा म्हणजे मोटार तापणार, ते वेगळंच.

आता खरी गंमत ऐका. मी नंतर गोठ्यावर जाऊन यंत्र बघितलं. पात्यांची धार गेली होती, आणि पातं व पट्टी यांच्यातली फट वाढली होती. कडबा कापला जात नव्हता, चावला जात होता. पाती धार लावून, फट बसवून, ४ इंची पुली परत चढवली. काम पहिल्यासारखं व्हायला लागलं. दुखणं धारेचं होतं आणि मी औषध पुलीचं दिलं होतं.

म्हणून लक्षात ठेवा: यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या फेऱ्यांच्या वर नेणारी पुली विकायची नाही. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. पाटी पुसली असेल तर बनवणाऱ्याला किंवा त्याच्या डीलरला फोन करून विचारा.

बेल्टचा नंबर वाचायला शिका

शेतीयंत्रांवर जास्त करून व्ही बेल्ट असतात. बेल्टवर ए-७२, बी-६० असं छापलेलं असतं. अक्षर म्हणजे जाडी-रुंदी, आकडा म्हणजे आतल्या घेराची लांबी इंचात.

- ए: वरची रुंदी १३ मिमी, जाडी ८ मिमी. साधारण १ ते ५ एचपीचं काम.
- बी: रुंदी १७, जाडी ११. साधारण ३ ते २० एचपी.
- सी: रुंदी २२, जाडी १४. १० एचपीच्या पुढची मोठी कामं.

या मर्यादा एकमेकींत शिरतात, म्हणून एचपी बघून अक्षर ठरवताना कामाचा धक्काही बघा. पंखा एकसारखा ओढतो. कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र धक्के देतं, मध्येच मोठी पेंढी आली की मोटार कण्हते. अशा यंत्राला एचपीमध्ये तीस-चाळीस टक्के वाढवून हिशोब करा. ३ एचपीची कुट्टी म्हणजे ४ एचपीच्या वरचं काम समजायचं. ए बेल्ट एकटा काठावर येतो, म्हणून जोडी.

प्रत्येक अक्षराला सगळ्यात लहान पुली किती चालते हेही ठरलेलं आहे. ए ला ३ इंच, बी ला ५ इंच, सी ला ८ इंच. त्याहून लहान पुलीवर जाड बेल्ट चढवला की तो प्रत्येक फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त वाकतो, आतून तापतो आणि खालून चिरा पडतात. "जाड बेल्ट टाका, टिकेल" हा सल्ला तुम्हाला प्रत्येक चौकात ऐकू येईल. लहान पुलीवर तो उलटा पडतो.

जुना बेल्ट नसेल तर लांबी कशी काढायची?

गिऱ्हाईक कधी तुटलेला तुकडा आणतं, कधी तेही नाही. नंबर पुसलेला असतो. अशा वेळी पुल्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. दोन्ही पुल्यांचे व्यास बाहेरून, आणि शाफ्टच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर.

काकांच्या यंत्रावर करून बघू. पुल्या १२ आणि ४ इंची, अंतर २४ इंच.

१. अंतराची दुप्पट: ४८
२. व्यासांची बेरीज गुणिले १.५७: १६ × १.५७ = २५.१
३. व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट: ६४ ÷ ९६ = ०.७

बेरीज ७३.८ इंच. हा बेल्टचा बाहेरचा घेर झाला. नंबर आतल्या घेराचा असतो, म्हणून बेल्टच्या जाडीचा फरक वजा करायचा. ए ला २ इंच, बी ला पावणेतीन इंच.

७३.८ − २ = ७१.८, म्हणजे ए-७२.

इथेच नवीन दुकानदार फसतो. तो टेपने जुन्या बेल्टचा बाहेरचा घेर मोजतो, ७४ येतो, आणि ए-७४ देतो. बेल्ट ढिला बसतो. गिऱ्हाईक मोटार मागे ओढून ताण आणतं, मोटारीच्या पायाची खाच संपते, बेल्ट घसरतो, जळतो, आणि गावात बोभाटा होतो की "त्याच्या दुकानातला माल डुप्लिकेट आहे." माल चांगला होता, माप चुकलं होतं.

आणखी एक. जुन्या बेल्टवरचा नंबर हा पुरावा मानू नका. तो बेल्टही कोणीतरी अंदाजाने बसवलेला असू शकतो. शक्य असेल तिथे पुल्या मोजूनच खात्री करा.

एकच बेल्ट सारखा तुटतोय? मग बेल्ट विकू नका

एखादं गिऱ्हाईक एका हंगामात तिसऱ्यांदा तोच बेल्ट मागतं. गल्ला म्हणतो, दे. पण चौथ्या वेळी ते तुमच्याकडे येत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून तुटलेला बेल्ट हातात घ्या आणि वाचा.

- बाजू चकचकीत, जळका वास: घसरतोय. ताण कमी आहे किंवा पुलीची खाच झिजली आहे.
- खालून आडव्या चिरा: पुली फार लहान, किंवा बेल्ट उन्हाने-उष्णतेने म्हातारा झालेला.
- एकाच बाजूने झीज: दोन पुल्या एका रेषेत नाहीत.
- एका जागी दोरा तुटलेला, बाकी बेल्ट नवा: बसवताना सळई किंवा पाना घालून उचकटून चढवलाय.

पुलीची खाच तपासायला महागडं साधन लागत नाही. नवा बेल्ट बसवून बघा. बेल्टचा वरचा काठ पुलीच्या काठाच्या बरोबरीला बसायला हवा, आणि बेल्टच्या बुडाखाली जागा राहायला हवी. व्ही बेल्ट बाजूंनी धरतो, बुडाने नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय आणि पुली गेली आहे. तिथे दहा बेल्ट बदलले तरी उपयोग नाही.

रेष बघायला एक घट्ट दोरी पुरते. दोन्ही पुल्यांच्या बाजूला ताणून धरा. ती दोन्ही पुल्यांच्या दोन-दोन काठांना, म्हणजे चारही ठिकाणी टेकली पाहिजे.

ताणाचा ठोकताळा असा: दोन पुल्यांमध्ये बेल्ट जेवढा मोकळा आहे, त्याच्या मध्यावर बेताच्या जोराने दाबायचं. एक मीटर मोकळ्या बेल्टला साधारण १६ मिमी दबला पाहिजे. ६० सेंटिमीटरला साधारण १० मिमी, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा. जास्त दबला तर घसरेल. अजिबात दबत नसेल तर बेअरिंग जाईल. नवा बेल्ट पहिल्या दिवशीच्या कामात बसतो आणि थोडा ढिला होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ताण पुन्हा बघायला सांगा. हे वाक्य मी बिलाच्या मागे लिहूनच देतो.

जोडीतला एक बेल्ट तुटला तर दोन्ही बदलायचे. जुना ताणलेला असतो, नवा आखूड. सगळा भार नव्यावर येतो आणि तोही जातो. गिऱ्हाइकाला वाटतं तुम्ही जास्तीचा माल खपवताय. दोन्ही बेल्ट एकाशेजारी एक धरून फरक दाखवा, मग पटतं.

रोटाव्हेटरचा शाफ्ट: इथे चूक महागात पडते

ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिनिटाला ५४० फेरे असतात. त्याची खूण म्हणजे सहा दातांचा शाफ्ट, व्यास १ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे ३५ मिमी.

क्रॉस मागायला आलेलं गिऱ्हाईक ट्रॅक्टरचं नाव सांगतं. नावावर माल देऊ नका. एकाच ट्रॅक्टरला वेगवेगळे शाफ्ट लावलेले असतात. क्रॉसची दोन मापं घ्या: कपाचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या टोकांमधली लांबी. २७ × ७४.६, ३०.२ × ८० अशी ती मापं असतात. ७४.६ आणि ७० यातला फरक डोळ्यांना दिसत नाही, व्हर्निअरला दिसतो.

पूर्ण शाफ्ट विकताना तीन गोष्टी सांगा. एक, रोटाव्हेटर वर-खाली करताना शाफ्ट जिथे सगळ्यात आखूड होतो, तिथेही आत इंचभर जागा राहिली पाहिजे. नाहीतर नळी टेकते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर धक्का बसतो. दोन, सगळ्यात लांब होतो तिथे आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एक तृतीयांश राहिली पाहिजे. तीन, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत. नळी काढून पुन्हा घालताना एक घर चुकलं की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर जातो.

शेअर बोल्टचं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं: "हा सारखा तुटतोय, चांगला कडक द्या." देऊ नका. तो बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. रोटाव्हेटरच्या पात्यात दगड अडकला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. कडक बोल्ट दिलात तर बोल्ट टिकेल आणि गिअर तुटतील. मापाचा, त्याच ग्रेडचा बोल्ट द्या, आणि सारखा का तुटतोय ते विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: प्लास्टिकचं कव्हर. बरेच लोक ते काढून टाकतात, ग्रीस करायला आड येतं म्हणून. हिशोब करा. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. उघड्या शाफ्टची जाडी ५ सेंटिमीटर धरली तरी एका फेऱ्यात साधारण १६ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर. उपरण्याचं टोक किंवा पदर अडकला तर "बंद कर" म्हणायला वेळच मिळत नाही. कव्हरचा मार्जिन कमी असतो, तरी ते मी कायम ठेवतो, आणि शाफ्टसोबत दाखवल्याशिवाय बिल करत नाही. मळणी यंत्राचंही तसंच. १९८३ चा डेंजरस मशीन्स कायदा मळणी यंत्रासाठी आहे, यावरून विषय किती गंभीर आहे ते ओळखा. बेल्टवरची जाळी काढलेली दिसली तर बोला. राग आला तरी चालेल.

चेन आणि बेअरिंग थोडक्यात

चेनच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिच, इंचाच्या आठव्या भागात. ४० नंबर म्हणजे ४/८, अर्धा इंच. ६० नंबर म्हणजे पाऊण इंच. ८० म्हणजे एक इंच. जुनी चेन ताणून बारा कड्या मोजा. ६० नंबरच्या बारा कड्या नव्या असताना ९ इंच भरतात. पाव इंच वाढ दिसली तर चेन संपली, आणि स्प्रॉकेटचे दात वाकडे झालेत का तेही बघा.

बेअरिंगच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक. ६२०५ म्हणजे २५ मिमी, ६२०६ म्हणजे ३० मिमी. हा नियम ०४ पासून पुढे लागतो.

आता दुकानाचं गणित

बीबीएला मी इन्व्हेंटरी टर्नओव्हर शिकलो होतो, तरी पहिल्या वर्षी ए आणि बी चे दिसतील ते नंबर भरले. दोन अक्षरं मिळून शंभरावर नंबर होतात. त्यातले निम्मे वर्षभर खिळ्याला लटकत राहिले, आणि जे हवे ते हंगामात संपले. भांडवल अडकलं, गिऱ्हाईक परत गेलं. तुम्ही असं करा:

१. आधी यंत्रं मोजा, मग माल भरा. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत फिरा. कुट्टी, मळणी यंत्र, पिठाची गिरणी, रोटाव्हेटर. प्रत्येकावरचा बेल्ट, पुल्या, बेअरिंग लिहून घ्या. वीस-पंचवीस नंबर वारंवार येतील. तेच तुमचं पहिलं भांडवल.

२. हंगामाआधी महिनाभर माल आणा. सोयाबीनची मळणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, ज्वारी-हरभरा-गहू फेब्रुवारी-मार्च. पावसाचं आभाळ आणि खळ्यावर ढीग असताना शेतकऱ्याला बेल्ट आजच लागतो. "परवा येईल" याला तेव्हा अर्थ नसतो.

३. यंत्रनिहाय रजिस्टर ठेवा. गिऱ्हाईक, यंत्र, दोन्ही पुल्या, अंतर, बेल्टचा नंबर, बसवल्याची तारीख. पुढच्या वेळी फोनवरच माल काढून ठेवता येतो. माझ्या दुकानातली सगळ्यात किमती वस्तू हेच रजिस्टर आहे.

४. चार साधनं घ्या. टेप, व्हर्निअर, फेरे मोजायचा टॅकोमीटर, आणि खाच तपासायला ए, बी, सी बेल्टचे तुकडे.

५. माल नीट ठेवा. बेल्ट बारीक खिळ्याला टांगू नका, जाड गोल दांड्यावर ठेवा. ऊन आणि तेल लांब. जुना माल आधी विका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत लोखंडी नांगर होता, तसंच कडबा कापायचं यंत्रही होतं. म्हणजे आपल्या मातीत या यंत्राला शंभरावर वर्षं झाली. यंत्र जुनं आहे, गिऱ्हाईक कायमचं आहे. कमी आहेत ते मोजून माल देणारे दुकानदार.

या आठवड्याचा गृहपाठ

घरच्या किंवा शेजारच्या एका यंत्रापाशी जा. मेन स्विच बंद करा, फिरणारा भाग पूर्ण थांबू द्या, मग पुल्या मोजा. फेरे काढा, पाटीशी जुळतात का बघा. बेल्टची लांबी हिशोबाने काढा आणि बेल्टवरच्या नंबराशी ताडून बघा. फरक आला तर कारण शोधा. असं दहा यंत्रांवर केलंत की काउंटरवर उभं राहायला तुम्ही तयार.

ते काका अजून माझ्याकडेच येतात. आता पुली मागताना आधी यंत्राचं रडगाणं सांगतात, मग विचारतात, "आता तूच सांग भाऊ, काय टाकू?" तीनदा तरी मी काहीच विकलं नाही, नुसतं ताण बसवून दिला. आणि गेल्या वर्षी त्यांनी रोटाव्हेटर घेतला, तेव्हा शाफ्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळा माल माझ्याकडून गेला. कव्हरसकट.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मोजत राहा.